सीटवरचा गोटा

दहिवलीच्या पुढे आमचं भाताचं शेत होतं. तिथं आता हिरवळ आहे आणि तिच्यावर लोकांची लग्नं लागतात. एवढं गवत हातानं कापायचं म्हणजे जन्म जायचा, म्हणून नवऱ्यानं बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र आणलं. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, लगेच त्याचा ताबा घेतला. उभा जन्म नांगर धरलेला माणूस, यंत्रालाही ते बैलच म्हणत.

देखभालीत त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. सकाळी आधी ऑइल बघायचं, हवेचा फिल्टर झटकायचा, हिरवळीवरचे खडे नि मांडवातले खिळे वेचायचे. पात्यांना धार लावताना प्लगची वायर काढून ठेवायची. काम संपलं की खालचं ओलं गवत खरवडून यंत्र धुवायचं. घोडं पेंड खायचं ते एकाच ठिकाणी. चालकानं सीट सोडली की यंत्र आपोआप बंद पडतं, कारण पातं फिरत असताना कुणी उतरू नये. आबांना हा सरळ अपमान वाटे.

"बैल कदी असा रुसला नाय. उतरलो तरी गप उभा ऱ्हायचा!"

मग त्यांनी नदीतून एक जड गोटा आणला. सीटच्या मागच्या अर्ध्या भागात गोटा, पुढच्या अर्ध्यात आबा. ते उतरले तरी यंत्राला वाटे, कुणीतरी बसलंय.

मला हे कळलं नवरात्रात. चहा घेऊन गेले, तर यंत्र घरघरतंय, सीटवर गोटा विराजमान, आणि आबा गुडघ्यांवर बसून पात्याजवळ अडकलेलं गवत ओढायला हात घालतायत. कप कुठं टाकला ते आठवत नाही. धावत जाऊन आधी चावी फिरवली.

"आबा, बोटं गेली असती!"

"इतकी वर्सं गेली नाय ती आज कशी जातील गं?" म्हणाले आणि वर हसले. मला रडूही आलं आणि संतापही. नवऱ्यानं समजावून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. गोटा मी दोनदा विहिरीमागे फेकला. दोन्ही वेळा तो आपला पुन्हा सीटवर हजर.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. त्या पहाटे आबांच्या आधी उठले, गोटा धुतला, त्याला शेंदूर फासला आणि आंब्याखाली मांडून वर झेंडू वाहिला. उजाडेपर्यंत शेजारच्या दोघी हळदकुंकू वाहूनही गेल्या! आबा कोयता आणि विळे घेऊन आले आणि बघतच राहिले. शेंदूर लागलेला देव उचलून सीटवर ठेवायचा आणि त्याला पाठ टेकून बसायचं, एवढी छाती आमच्या गावात कुणाची नाही.

आता तुळशीचं लग्न होऊन गेलंय आणि आमची गडबड सुरू आहे. गवत अडकलं की आबा यंत्र बंद करतात, चावी खिशात घालतात, पातं थांबू देतात आणि मगच वाकतात. कामाला लागण्याआधी रोज गोट्यापुढे उभे राहतात. परवा मी शेजारीच होते. हात जोडून, डोळे मिटूनच ते म्हणाले, "शेंदूर तूच लावलास, मला ठावं हाय. पन देव झाला तो झाला."

मी त्यांच्या जोडलेल्या हातांकडे बघत होते. दहाची दहा बोटं होती.