समोरच्या दोन दातांमधली फट

बाबांचे समोरचे दोन दात संत्र्याच्या पेटीने नेले. शेंदूरजनाघाटच्या मावशीकडून दर हिवाळ्यात आमच्या अमरावतीच्या घरी एक पेटी येते, आणि तिच्याभोवती प्लॅस्टिकची पट्टी घट्ट आवळलेली असते. कात्री स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेली होती, चार पावलांवर. पण सुतळीच्या गाठी, दुधाच्या पिशव्या, बाटल्यांची बुचं, सगळं बाबांनी जन्मभर दातांनीच उघडलेलं. बाहत्तराव्या वर्षी त्यांनी त्या पट्टीला दात लावून हिसका दिला. पट्टी जशीच्या तशी राहिली. एक दात जागच्या जागी मोडला, दुसरा हलायला लागला आणि पंधरा दिवसांत तोही काढावा लागला.

मी अकोल्याहून फोनवर भरपूर तोंडसुख घेतलं. मी शाळेत चित्रकला शिकवते, आणि शाळा सुटल्यावरही शिकवणं थांबवत नाही अशी माझी ख्याती आहे. बाबा ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "ठेवतो." आवाज त्यांचा वाटला नाही.

बाबा एसटीत कंडक्टर होते. अमरावती, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोला असं सगळं फिरलेले. बोलायला पहाडी आवाज, आणि त्याहून मोठी त्यांची शिट्टी. बोटं न लावता, ओठ जरासे मागे ओढून, जीभ दातांना टेकवून ते ती वाजवत. दोन आखूड, एक लांब. गाडी मागे घेताना वाजवत, आणि घरी येताना गल्लीच्या कोपऱ्यावर वाजवत. ती घरची शिट्टी आईसाठी होती. लग्न झालं तेव्हा दोघं दर्यापूरकडच्या गावी भरल्या घरात राहत. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याने बायकोला हाक मारायची नाही, आणि नाव तर दोघांनीही घ्यायचं नाही. मग बाबांनी ही वाट काढली. कोपऱ्यावर शिट्टी झाली की आई चूल सारखी करून चहाचं आधण ठेवायची. आजी म्हणायची, भल्या घरची माणसं शिट्ट्या मारतात काय. बाबा म्हणत, गाडीची सवय आहे. पुढे अमरावतीला घर झालं, आजी-आजोबा गेले, चुलीचा गॅस झाला, तरी आईला हाक मारायची त्यांची दुसरी रीत मी पाहिली नाही.

सहा-सात वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने आईची नजर गेली. आता तिला फक्त उजेड आणि अंधार कळतो. घर तिला पाठ आहे. भिंतीला हात लावत ती ओसरीपासून ओट्यापर्यंत बरोबर जाते आणि चहासुद्धा स्वतःच करते, कुणाला हात लावू देत नाही. पण दारात कोण आलं हे तिला कोण सांगणार? बाबांची शिट्टी सांगायची. फाटकाशी ते पोचेपर्यंत आई ओट्याशी पोचलेली असायची.

दात गेले आणि शिट्टी गेली. तोंडातून नुसती हवा येई.

दात गेल्यावरच्या पहिल्याच सुट्टीला मी अमरावतीला गेले. संध्याकाळी आई आणि मी ओसरीवर बसलो होतो. मी आत पाणी आणायला उठले तेवढ्यात फाटक वाजलं, आणि आईने दचकल्यासारखं विचारलं, "कोन?"

बाबा दुधाची पिशवी घेऊन अंगणात उभे होते. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "मी." दात न दाखवता म्हणता येणारा तेवढाच शब्द त्यांच्याकडे उरला होता. दोस्तांबरोबर डेपोसमोर बसायला जाणं त्यांनी सोडलं होतं. हसू आलं की तोंडावर हात धरत. मी मागच्या अंगणात त्यांच्यामागे गेले, तेव्हा ते नळाखाली भाजी धूत पाठमोरे म्हणाले, "लग्नाले पंचेचाळीस वर्सं झाले. आता दारात उभं करून इचारते, कोन हाय म्हणून. दिवसातून चारदा." मला रडू आलं. त्या दिवशी मी त्यांना एका शब्दानेही शिकवलं नाही.

अकोल्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी दातांची डॉक्टर आहे. तिच्या पाचवीच्या वहीत मी तिच्या सफरचंदाची सावली खोडून पुन्हा काढायला लावली होती, हे तिला अजून आठवतं. मी बाबांना तिच्याकडे नेलं. अकोल्यापर्यंत ते एसटीने एकटेच आले. आईजवळ शेजारच्या काकू बसल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, हिरड्या पाहिल्या आणि तीन वाटा सांगितल्या. काढता-घालता येणारे दात; ते बाबांना नको होते, कारण त्यांच्या वडिलांची कवळी एकदा पंगतीत वरणाच्या वाटीत पडलेली त्यांनी पाहिली होती. हाडात स्क्रू बसवणं; त्याचं नाव काढताच त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. राहिला ब्रिज. दोन्ही बाजूंचे चांगले दात थोडे तासायचे, त्यांवर टोप्या चढवायच्या, आणि मधले दोन खोटे दात त्या टोप्यांना जोडलेले.

"चांगले दात तासाचे?" बाबा म्हणाले. "त्याईनं का गुन्हा केला?"

"काका, त्यांच्याच आधाराने मधले दोघं उभे राहणार."

"म्हंजे दोन सीटवर चार पॅसेंजर." त्यांनी खुर्चीचा हात सोडला. "बसव. शिट्टी येईन ना पन?"

"बघू या," ती म्हणाली. "काका, दात आले की बरंच काही परत येतं."

दोन खेपांत तासणं झालं, माप घेतलं. रंग आणि आकार ठरवायच्या दिवशी मी मुद्दाम शाळेतून रजा घेऊन गेले. आकार हा माझा विषय. मी बाबांच्या निवृत्तीच्या वेळचा फोटो नेला होता, त्यात ते तोंडभर हसत होते. डॉक्टरीणबाईंनी तो दिव्याखाली धरून पाहिला आणि विचारलं, "बाई, दोन दातांमध्ये फट आहे. ठेवायची का?"

आमच्याकडे अशी फट असलेला माणूस नशीबवान समजतात. मला मात्र ती लहानपणापासून खटकायची. फोटोत पांढऱ्यावर नेमकी काळी रेघ. मी म्हणाले, "छे, बुजव. नवीनच करायचे तर सुबक कर."

बाबांच्या तोंडात कापसाचे बोळे होते. त्यांनी एक बोट वर केलं आणि काहीतरी गुरगुरले. मी त्याचा अर्थ 'तुला योग्य वाटेल ते' असा लावला. डॉक्टरीणबाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. पाचवीतली सवय, तिने माझंच ऐकलं.

दात सुंदर झाले. तिने ते आधी कच्च्या सिमेंटवर बसवले. पंधरा दिवस वापरून पाहा, मग पक्के करू, असं म्हणाली. मी बाबांचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मावशीचं उत्तर आलं, 'नवरदेव दिसून राहिले.' मी आठ दिवस हवेत होते.

पुढच्या रविवारी अमरावतीला गेले. सांगायला नको, मी कान देऊनच बसले होते. गल्लीच्या कोपऱ्यावर बाबा दिसले. ते थांबले, ओठ मागे ओढले. मला त्यांची छाती वर झालेली दिसली. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा केलं, मग आजूबाजूला कुणी पाहत नाही ना ते पाहून घेतलं, आणि खाली मान घालून चालत फाटकाशी आले.

"कोन?" आईने विचारलं.

"मी."

जेवताना मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "दात मस्त झाले वं. भाकर तुटते आता." आणखी खोदल्यावर मग सांगितलं. "हवा त्या फटीतून जाये. आता तिथं भिंत हाय. जाऊ दे, आता कुटी गाडी मांगं घ्याची हाय मले?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोट वर केलं होतं ना," बाबा म्हणाले. "तू हुशार हायस, तुले समजलं असन असं वाटलं."

त्यांनी हे टोमण्यासारखं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. वीस वर्षं मी मुलांना सांगते आहे की आधी नीट बघा, मग पेन्सिल लावा. आणि माझ्याच बापाच्या तोंडाकडे मी नीट पाहिलं नव्हतं. मला माझीच फार लाज वाटली.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी थेट दवाखान्यात गेले आणि चूक माझी म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सफरचंदाचा सूड घेतला नाही. म्हणाली, "नुसती चीर पाडून चालणार नाही बाई. मधले दोन्ही दात एकमेकांना धरून आहेत, चीर पाडली तर ब्रिज कमजोर होईल. पुन्हा करावा लागेल. फट ठेवायची तर जोड मागून, टाळूच्या बाजूने वळसा घालून द्यावा लागतो. जिभेला तो काही दिवस टोचेल." बरं झालं सिमेंट कच्चं होतं. पुन्हा माप, पुन्हा फेऱ्या. या वेळी मी खोलीबाहेर बाकावर बसले आणि आत काय ठरतंय ते विचारलंही नाही. आतून बराच वेळ हवेचे आवाज येत होते. फू, फू, मग डॉक्टरीणबाईंचं "अजून थोडं कमी करू का काका?" मग पुन्हा फू.

नवे दात बसले. जिभेला वळसा लागत होता, बाबा वैतागत होते. गच्चीवर जाऊन रोज सराव करतात, असं काकूंनी फोनवर सांगितलं. आईला त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. जमलं नाही तर तिला कळूच नये, असं त्यांच्या मनात असावं.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी आणि आई ओसरीवर मेथी निवडत होतो. आई बोटांनी निवडते, माझ्यापेक्षा स्वच्छ. बाबा कोथिंबीर आणायला गेले होते. कोपऱ्यावरून एक आवाज आला. दोन आखूड, बारीक आणि घोगरे. लांब शिट्टी अर्ध्यात फुटली. मग पुन्हा सुरू होऊन शेवटपर्यंत गेली.

आईच्या बोटांतली काडी तशीच राहिली. मग ती उठली, भिंतीला हात लावला आणि ओट्याशी गेली. मी मागोमाग गेले. तिने आधण ठेवलं, लायटर मारला.

"आई, आता 'कोन' विचारायला नको," मी म्हणाले.

"मी आंधळी हाव पोरी, बहिरी नाई," आई म्हणाली. "त्याईची चप्पल घासत येते. पहिल्याच दिवशी काय दचकली असन तेवढंच. मंग तं फाटक वाजाच्या आधीच समजे."

"मग रोज का विचारत होतीस? त्यांना किती लागायचं ते."

तिने साखरेच्या डब्यात चमचा घातला. "दात गेल्यापासून मूग गिळून बसले होते. मी इचारलं नाई तं बोलते कोन? दिवसातून चार खेपा बाहीर जाये, चारदा 'मी' म्हने. तुमाले त्याईचं तोंड दिसते. मले तं आवाजच हाय." मग हळूच म्हणाली, "सांगू नोको त्याईले."

फाटकाची कडी वाजली. आईने मान वर केली आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "कोन?"

बाबा अंगणात थांबले. खिडकीतून मला त्यांचा चेहरा पडलेला दिसला. शिट्टी तिच्यापर्यंत पोचली नाही असं त्यांना वाटलं असावं. मग चहाचा वास आला असेल, किंवा दारातून आईचा हसरा चेहरा दिसला असेल. त्यांनी घसा साफ केला आणि ड्युटीवरच्या पहाडी आवाजात म्हणाले, "अकोला, मूर्तिजापूर, अमरावती. गाडी इथं रातभर मुक्कामाले हाय. कंडक्टरले च्या भेटन काय, बाई?"

आईने कपात चहा ओतला, एक थेंबही सांडला नाही, आणि कप हातात धरून ती त्यांच्या आवाजाच्या दिशेने उभी राहिली.