नोंदीच्या अकरा ओळी

कोलकात्यात तू नेमकं काय काम करतेस, असं पुण्यातल्या नातेवाइकांनी विचारलं की मी ‘कॉम्प्युटरचं’ म्हणून सुटका करून घेते. खरं सांगायला लागले तर समोरचा माणूस दुसऱ्याच वाक्याला चहा टाकायला उठतो. इथे मात्र सांगावं लागेल. कॉम्प्युटरला आपण प्रिंटर जोडतो, स्कॅनर जोडतो. काय जोडलंय ते ओळखायचं, त्याला नंबर द्यायचा, त्याची नोंद ठेवायची आणि वायर काढली की ती नोंद पुसायची, हे काम ऑपरेटिंग सिस्टिमचा एक भाग करत असतो. तो बिघडला की दुरुस्त करणं ही माझी नोकरी. सॉल्ट लेकला, सेक्टर फाइव्हमध्ये, गेली नऊ वर्षं.

तीन वर्षांपूर्वी एक तक्रार आली. आमची सिस्टिम दुकानांच्या बिलिंग काउंटरवर चालते. काउंटरवरच्या माणसाने प्रिंटरची वायर ओढली की कधीतरी, क्वचित, अख्खं मशीन गोठायचं. मला संशय होता तो असा: प्रिंटर गेला म्हणून सिस्टिमचा एक भाग त्याची नोंद पुसतोय आणि नेमक्या त्याच क्षणी दुसरा भाग ती नोंद वाचतोय. नवऱ्याच्या बँकेच्या क्वार्टर्समध्ये एकदा असंच झालं होतं. आमचे डबे अजून स्वयंपाकघरात आणि नव्या साहेबांचा ट्रक दारात.

संशयाची खात्री करायला मी कोडमध्ये अकरा ओळी घातल्या. त्या दुरुस्ती करत नव्हत्या, सिस्टिम त्या क्षणी काय करतेय याची नोंद फाइलमध्ये लिहीत होत्या, बस. ओळी घातल्या आणि दोष गायब. शंभर वेळा वायर ओढली, मशीन ठणठणीत. कारण मला लगेच कळलं. नोंद लिहायला मशीनला किंचित वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात वाचणाऱ्याचं वाचून होतं. म्हणजे दोष गेला नव्हता, नुसता झाकला गेला होता. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच आहे, आणि अशा वेळी काय करायचं तेही शेंबड्या पोराला माहीत असतं. ओळी काढायच्या आणि मुळाशी जायचं. पण तो दुर्गापूजेतल्या पंचमीचा दिवस होता. या शहरात कुठलंही काम एक तर पूजेच्या आधी होतं, नाही तर पूजेनंतर. ऑफिस अर्धं रिकामं झालं होतं, ग्राहक फोनवर फोन करत होता आणि माझं पुण्याचं तिकीट पर्समध्ये होतं. मी ओळी तशाच ठेवल्या आणि तक्रार बंद केली. परत आल्यावर बघू म्हटलं. परत आल्यावर कोण बघतंय!

गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये एक नवा माणूस आला. नवा म्हणजे चाळिशीचा. हावड्याला त्याचा वडिलांपासूनचा लेथचा छोटा कारखाना होता, तो बंद पडला, मग हा या वयात प्रोग्रॅमिंग शिकला. रोज फेरीबोटीने गंगा ओलांडून, पुढे बसने यायचा, आणि वेळेवर यायचा. एक वर्ष उमेदवारी, मग कायम. कायम झाला नाही तर मेहुण्याच्या वर्धमान शहरातल्या दुकानात बसायचं, असं त्याच्या घरात ठरलं होतं. हे त्यानेच मला सांगितलं होतं, हसत, पण हसण्यासारखं नव्हतं ते. मला तो दीदी म्हणायचा. बंगाल्यांत अर्ध्या ऑफिसची मी दीदीच आहे, पण त्याच्या तोंडी ते खरं वाटायचं.

काम संपलं की लेथखालचा चुरा झाडून घ्यायची त्याला सवय, तशीच त्याने कोडलाही लावली. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी आला. माझ्या हातात पोळीचा घास होता.

“दीदी, इथे अकरा ओळी नुसत्या नोंदी लिहीत बसल्यात. फाइल उगाच फुगते. काढू?”

“काढा की,” मी म्हटलं.

मी विसरले होते. खरंच विसरले होते, आणि त्याने काही फरक पडत नाही.

दीड महिन्यात दुकानांतली मशीनं पुन्हा गोठायला लागली आणि काम माझ्याचकडे आलं. दोष कधी शिरला ते शोधायची आमची एक ठरलेली रीत आहे. जुना, चांगला चालणारा कोड घ्यायचा, आजचा बिघडलेला घ्यायचा, आणि दोघांच्या मधला तपासायचा. दोष ज्या अर्ध्यात असेल तो अर्धा पुन्हा अर्धा करायचा. असं करत करत शेवटी एकच बदल हाती राहतो. तो त्याचा निघाला. पडद्यावर त्या अकरा ओळी पाहिल्या आणि त्या मीच घातल्या होत्या ते आठवलं. खरी दुरुस्ती मग एका दुपारीत झाली. वाचणाऱ्याने आधी नोंद धरून ठेवायची आणि त्याने सोडल्याशिवाय पुसणाऱ्याने हात लावायचा नाही. सगळ्या मिळून चार ओळी. तीन वर्षांपूर्वीही चारच लागल्या असत्या.

दुरुस्ती पाठवताना आमच्याकडे सोबत एक टिपण जोडायचं असतं आणि त्यात एक रकाना भरावाच लागतो: हा दोष कोणत्या बदलामुळे आला. बदलाचा नंबर लिहिला की तो करणाऱ्याचं नाव आपोआप शेजारी येतं. कोणाला कायम करायचं हे ठरवताना मॅनेजर हेच रकाने बघतो, आणि त्या माणसाचं वर्ष त्याच आठवड्यात भरत होतं. शोधात निघालेला नंबर लिहायचा, असा नियम आहे. मी नियमाने वागले. त्याचा नंबर लिहिला आणि टिपण पाठवलं. तो बुधवार होता.

गुरुवारी तो माझ्याकडे आला. “दीदी, माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला,” म्हणाला आणि माफी मागून गेला. मी “असू दे” म्हटलं. ते दोन शब्द मला दिवसभर छळत राहिले.

शुक्रवारी मी टिपण मागे घेतलं, रकान्यात माझ्या स्वतःच्या जुन्या बदलाचा नंबर घातला आणि मॅनेजरला जाऊन सगळं सांगितलं, पोळीच्या घासासकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“हे बुधवारी सांगायला हवं होतं तुम्ही,” तो म्हणाला. पत्र सकाळीच गेलं होतं. कायम नाही, उमेदवारी आणखी सहा महिने. फिरवता येईल का, मी विचारलं. “सहा महिन्यांचाच तर प्रश्न आहे,” तो म्हणाला. मेहुण्याचं दुकान त्याला कुठून माहीत असणार? मी सांगितलं, पण ते काही कोणत्याच रकान्यात बसणारं नव्हतं.

सोमवारी त्याने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी तो निरोपाला आला तेव्हा हातात माझ्या नव्या टिपणाची छापील प्रत होती.

“बायकोला दाखवलं हे,” तो म्हणाला. “तिला म्हटलं, बघ, दीदींनी माझ्यासाठी दोष स्वतःवर घेतला. कारखान्यात वीस वर्षांत माझ्यासाठी कोणी असं केलं नाही.”

“अहो, घेतला नाही, तो माझाच आहे,” मी म्हटलं.

तो समजूतदारपणे हसला. मग मी हट्टालाच पेटले. त्याला खुर्ची दिली, तीन वर्षांपूर्वीचं माझं टिपण उघडलं आणि म्हटलं, वाचा. त्याने सावकाश वाचलं. मशीन गोठण्याचं कारण शोधून दूर केलं, पुढच्या सोयीसाठी नोंदी वाढवल्या, पुन्हा पुन्हा तपासून खात्री केली. मी किती व्यवस्थित लिहिलं होतं ते! कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

“यात तर काहीच चूक नाही, दीदी,” तो म्हणाला, आणि वाकून माझ्या पाया पडला.

मी हट्ट सोडला आणि टिपण बंद केलं. त्याने विश्वास ठेवला नाही याचं मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची मला अजून लाज वाटते.