उतरा, पूल आला

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी वालवाल्या काकीचे नाव घेतो. नात्याने ती आमची कोणी नव्हती. पेणच्या बाजारात वाल विकायला बसायची म्हणून वालवाली, आणि साऱ्या गावाची काकी.

तिचे एक वाक्य आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना पाठ होते. बाजाराची मिनीडोर रिक्षा नदीजवळ आली, लोखंडी पुलाचा सांगाडा दिसू लागला, की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "उतरा गो, पूल आला! त्याला पन जीव हाय."

सगळ्या बायका उतरायच्या. रिकामी गाडी पुढे जायची, मागून आम्ही चालत. पलीकडे पुन्हा गाडीत. ही रीत कोणी सुरू केली ते माहीत नाही, पण ती पाळून घेण्याचे काम काकीचे.

ड्रायव्हर कुरकुरायचा. "काकी, तू उतरलीस म्हनून पुलाचा काय भार हलका होनार हाय?"

"माझा नाय होनार. तुझ्या जिभेचा हाय तो, ती पन हितंच ठेवून जा."

तुम्हाला वाटेल, बाई मोठी धीट असेल. तसे नव्हते. आमच्या पंचक्रोशीत त्या पुलाला काकीइतके कोणी भ्यायचे नाही. पुलाशी आली की चपला काढून पाटीत टाकायची. उजव्या हाताने डोक्यावरची पाटी, डाव्या हाताने कठडा. हात कठड्यावरून उचलायचाच नाही, नुसता सरकवायचा. आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायची, "हळूच जाते रे बाबा, अंग हलवू नको."

या भीतीला कारण होते. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी ती बाजारातून परत येताना नदीला पूर आला. काकी पुलाच्या मध्यावर आणि पाणी दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवर. वाहत आलेले एक झाड पुलावर आदळले. खालचे लोखंडी पत्रे थरथरले. काकी उभ्या खांबाला मिठी मारून बसली, ती पाणी उतरेपर्यंत. "तवा त्यानं मला धरलं," ती सांगायची, "पन कसा थरथरत होता, ते माझ्या छातीला ठाव हाय."

आमची शाळा नदीपलीकडे. चौथीनंतर शिकायचे तर पूल ओलांडायला हवा. पत्र्यांच्या फटींतून खालचे पाणी दिसायचे आणि माझे पाय जागीच थांबायचे. काकीने माझा हात धरून कठड्यावर ठेवला. "भ्या लागते ना? लागू दे. मला पन लागते. पन जायचं." आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर झाला नव्हता. मी झालो, त्याची सुरुवात त्या कठड्यावर झाली.

पुढे मी इंजिनियर झालो आणि पनवेलच्या एका लहान ऑफिसात कामाला लागलो. जुने पूल तपासायचे, हेच आमचे काम. याला योगायोग म्हणा, की काकीची भीती मीच पुढे नेली म्हणा.

त्याच सुमारास नदीवर जरा खालच्या अंगाला सिमेंटचा नवा पूल झाला. डंपर, कंपनीच्या शिफ्टच्या बसेस, सगळे तिकडून जाऊ लागले. मग बोलणे निघाले की जुना लोखंडी पूल आता पाडावा, भंगारात द्यावा. पण नवा पूल वळसा घालून होता, त्यावर पायी चालणाऱ्याला जागा नव्हती आणि डंपर अंगाला घासून जात. शाळेची पोरे, बाजाराच्या बायका जुन्याच पुलावरून जात होत्या. ग्रामसभेत गावाने मागणी केली की पूल पाडू नका, दुरुस्त करा आणि चालणाऱ्यांसाठी ठेवा.

तपासणीचे काम आमच्या ऑफिसकडे आले. साहेबांनी मला पाठवले.

मी दोराने पुलाच्या पोटाखाली उतरलो. लहानपणी वरून पाहिलेला सांगाडा आता खालून पाहत होतो. वरचे त्रिकोण ठाकठीक होते, रिव्हेट घट्ट होते. पण खालच्या पट्ट्या जिथे काठावरच्या दगडी बांधकामावर टेकतात, तिथे वर्षानुवर्षे माती आणि पाला साचला होता. हातोडीने ठोकले तर टण्ण आवाज येण्याऐवजी थप आवाज आला आणि गंजाची खपली हातात आली. वरून नेमकी शाळेची पोरे चालली होती.

संध्याकाळी काकी भेटली. "काय म्हनतो आपला म्हातारा? ऱ्हाईल काय?"

"दुरुस्त केला तर राहील, काकी. पण खालून कुजलाय."

तिने हातातले सूप बाजूला ठेवले. "मंग नीट सांग त्यांना. उद्या कोन पडला, तर तुझं-माझं तोंड दाखवायला जागा नाय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पूल ठेवा असे लिहावे आणि तो पडला तर? पाडा असे लिहावे आणि एखादे पोर डंपरखाली आले तर? शेवटी जे दिसले तेच लिहिले. पूल चालणाऱ्यांसाठी ठेवता येईल, कुजलेल्या पट्ट्या आधी बदलाव्यात, तोवर गाडी नको, गर्दी नको. साहेबांनी ते मान्य केले. वरूनही होकार आला. दोन्ही टोकांना गाड्या अडवणारे लोखंडी खुंट रोवले. दुरुस्ती शिमग्यानंतर सुरू होणार होती.

गावाला मात्र एवढेच कळले की पूल वाचला.

शिमग्याला आमच्याकडे ग्रामदेवीची पालखी निघते. खालूबाजाच्या ढोल-सनईवर ती खांद्यांवर नाचवतात. त्या वर्षी गावाने ठरवले, पूल आईनेच वाचवला, तेव्हा पालखी पुलावर नाचवायची. त्याच्यासारखे दुसरे आभार कोणते?

मी पोहोचलो तेव्हा उन्हे उतरली होती. अर्धे गाव पुलावर होते. कठड्यांना खेटून बायकापोरे, मध्ये पालखी, पुढे बाजा. ढोलाच्या ठेक्यावर सगळ्यांचे पाय एकदम पडत होते. प्रत्येक ठेक्याला पत्रे खाली जात आणि वर येत. सगळे लोखंड एका सुरात कण्हत होते, आणि लोकांना तो बाजाचाच आवाज वाटत होता.

मी ओरडलो. पालखीपुढच्या एका तरुणाने हसून गुलाल उडवला. "अरं इंजिनेर, तूच लिवलंस ना, पूल ऱ्हायला पायजे?"

"चालायला लिहिलंय, नाचायला नाय! मागं फिरा!"

माझा आवाज ढोलाखाली गेला. काकी खुंटापाशी उभी होती, चपला हातात. पालखीलाही ती पुलावर गेली नव्हती. मी म्हणालो, "काकी, खालच्या पट्ट्या धरणार नाहीत. माझं कोणी ऐकत नाही."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिले. मग कठड्याकडे. कठडा माणसांनी भरलेला होता, हात ठेवायला बोटभर जागा नव्हती. तिने चपला खाली टाकल्या आणि मधून चालू लागली. कशालाही न धरता. मी मागोमाग गेलो. पत्रा खाली गेला की ती थबकायची, वर आला की पाऊल टाकायची.

पालखीसमोर जाऊन तिने पदर पसरला. ढोलवाला थांबला. देवीपुढे बाई आडवी आली म्हणून कोणीतरी खेकसले, "काकी, बाजू हो! तुला तर रिकाम्या पुलाची पन भ्या लागते!"

"व्हय, लागते!" काकीचा आवाज चिरकला. "तुमच्यातल्या एकाला तरी लागते काय?" मग ती पालखीकडे वळली. "आई, पूल आला की उतरायचं, ही आपली रीत हाय. मी लहान तोंडी मोठा घास घेते. तू पन उतर."

बाजा बंद झाल्यावर पहिल्यांदाच सगळ्यांनी लोखंडाचा आवाज ऐकला. पायांखालून लांब करकर येत होती. कोणीही नाचत नव्हते, तरी येत होती.

वयस्कर मानकऱ्याने पालखी खांद्यावरून खाली हातांवर घ्यायला सांगितली. काकी हळू आवाजात सांगत होती, "पळू नका रे. पोरं आधी. थोडीथोडी जा." मंडळी निघाली. पालखी टेकली काठावर, तेवढ्यात पुलाच्या त्या टोकाखालून काहीतरी सुटले आणि पाण्यात पडले. डुबुक एवढाच आवाज.

काकी अजून मध्येच उभी होती. कठडा आता मोकळा होता, पण तिला तिथवर जाता येईना.

"धर रे मला. पाय उचलत नाय."

मी तिचा हात धरून कठड्यावर ठेवला. तो घामाने ओला होता. आम्ही चालू लागलो तशी ती पुटपुटली, "हळूच जाते रे बाबा, अंग हलवू नको."

पट्ट्या बदलल्या गेल्या. पण काकीचे गुडघे गेले आणि लेक तिला रोह्याला घेऊन गेली. फोनवर तिला ऐकू येत नाही. म्हणून परवा मी हे पत्र पाठवले. नात वाचून दाखवेल.

ती. काकीस साष्टांग नमस्कार.

पूल रंगवून झाला. डावीकडच्या कठड्यावर तुझ्या हाताने गुळगुळीत झालेली जागा आहे ना, तिथे रंगारी थांबला आणि मला म्हणाला, "ही तशीच ठेवू काय?" मला ठेवावीशी वाटली. पण उघडे लोखंड पावसात गंज धरते. म्हणून तिथेही रंग लावायला सांगितला. तू रागावणार नाहीस.

या शिमग्याला पालखी हातांवर नेली. बाजा पुलाच्या अलीकडेच थांबला. फक्त भोई पुलावरून गेले, बाकी आम्ही काठावर उभे होतो.

दर पावसाळ्याआधी मी खाली उतरून पट्ट्या ठोकून पाहतो. टण्ण वाजतात. तरी पोरे वरून चालली की माझा श्वास अडकतो. ही भीती जाऊ नये, असे आता वाटते.

गुडघे बरे झाले की ये. मी अलीकडच्या खुंटापाशी उभा राहीन.