दाजींचा नवा पंप

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, वजनमापं तपासायच्या खात्यात निरीक्षक होते. तराजू केसभर झुकला तरी जप्त करायचे, मग दुकानदार सख्खा शेजारी का असेना. घरीही तोच खाक्या. एकदा बोलले की बोलले, त्यात सूट नाही. अशा माणसाबरोबर बहिणीने संसार कसा केला ते तिचं तिलाच ठाऊक. मी दर रविवारी त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून त्यांच्यावर वैतागायचो, आणि त्यांच्यावर माझा जीवही होता.

गाडी त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यावर ती दाजींकडे आली आणि दाजींनी तिला पिस्त्यासारखा हिरवा रंग दिला. धाकट्या भावाला ती होती तशीच, सायीच्या रंगाची हवी होती. एवढ्यावरून दोघांची अशी जुंपली की दाजी म्हणाले, "यापुढे मी आपण होऊन तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही." धाकट्यांनीही तोडीस तोड सांगितलं, "आणि मी तुला बोलावणार नाही." झालं. रंगाच्या डब्यापायी सख्खे भाऊ एकमेकांना पारखे झाले.

म्हणजे, झाले असते. पण गाडीत इंजिनाला चिकटून बसलेला जुना पेट्रोलचा पंप होता. इंजिन तापलं की पंप तापायचा, आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी मान टाकायची. आम्ही दर रविवारी तलावाकडे हवा खायला निघायचो. वाटेत एक लांबलचक चढ होता. तो संपता संपता गाडी बरोब्बर एका निळ्या फाटकासमोर बंद पडायची. फाटक धाकट्यांचं. तलावाकडे जायला दुसरा सपाट रस्ताही होता, पण गाडीत त्याचं नाव कोणी काढत नसे.

दाजी आपण होऊन आलेले नसत, गाडी थांबलेली असे. धाकट्यांनी बोलावलेलं नसे, ते रस्त्यात अडकलेल्याला मदत करत. ओलं फडकं आणून ते पंपाला गुंडाळायचे आणि दोघे भाऊ बॉनेटखाली डोकं घालून उभे राहायचे. बोलायचे ते एकमेकांशी नाही, इंजिनाशी. "काही लोकांचा गुडघा कसा आहे कोण जाणे," असं धाकटे रेडिएटरला विचारायचे. "बरा आहे म्हणतात," असं दाजी बॅटरीला सांगायचे. ताई आणि तिची जाऊ आत सरबत पीत गप्पा मारायच्या, त्यांचं काही भांडण नव्हतं. दाजी मात्र फाटकाच्या आत कधी गेले नाहीत. पंप निवेपर्यंत अंधारायला आलेलं असे आणि आम्ही घरी परतायचो. वर्षानुवर्षं हे चाललं आणि यात कोणाला काही विचित्र वाटलं नाही. मला वाटायचं, पण मला विचारतो कोण?

मग पंपाच्या आतला पडदा फाटला आणि पेट्रोल इंजिनाच्या तेलात उतरायला लागलं. गॅरेजवाला म्हणाला, "असे पंप आता मिळत नाहीत. असंच चालवत राहिलात तर एक दिवस गाडी पेटेल. विजेवरचा बसवतो, मागे टाकीपाशी. तिथे इंजिनाची धग पोचत नाही." त्याने तसा बसवला आणि इंजिनावर जुन्या पंपाच्या जागी राहिलेलं भोक पत्र्याने बंद केलं. किल्ली फिरवली की मागून टकटक ऐकू यायची.

"पूर्वीसारखीच चालेल ना?" दाजींनी विचारलं.

"त्याहून झकास."

दाजी खूश. एवढा काटेकोर माणूस, पण पुढचा विचार त्यांना सुचला नाही. सुचला मलाही नाही.

रविवारी गाडी तो चढ चढली ती एकदाही न कुरकुरता. निळं फाटक आलं. धाकटे ओलं फडकं घेऊन उभेच होते. आम्ही त्यांच्यासमोरून भरकन निघून गेलो.

"अहो, घर मागे पडलं!" ताई ओरडली.

"गाडी थांबली नाही," दाजी म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मग तुम्ही थांबवा!"

"मी थांबवली तर मी थांबलो असं होईल."

आम्ही तलावावर गेलो. तलाव बरा होता. संध्याकाळी ताईला जावेचा फोन आला. धाकट्यांनी फडकं धुऊन, घडी घालून कपाटात ठेवलं होतं. जेवले नव्हते. म्हणाले, दादाने मुद्दाम नवा पंप बसवला, आता त्याला आमची गरज उरली नाही. हे ऐकून दाजी उठून गच्चीवर गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. मला त्यांची इतकी दया आली की मी त्या दिवशी त्यांना एकही टोमणा मारला नाही.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्यांनी गॅरेज गाठलं.

"गाडी थांबत नाही."

"ब्रेक बघतो."

"ब्रेक उत्तम आहेत. गाडी आपोआप थांबत नाही."

गॅरेजवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "साहेब," तो म्हणाला, "थांबते म्हणून रडणारे रोज येतात. थांबत नाही म्हणून आलेले तुम्ही पहिलेच." जुना पंप भंगारात गेला होता. शेवटी त्याने तोडगा काढला. नव्या पंपाच्या वायरीत एक बटण टाकायचं, दाबलं की पंप बंद.

"पण ते मी दाबलं तर..."

"तर तुम्ही थांबलात असं होईल," मी म्हणालो. "कळलं. माझ्या गुडघ्यापाशी बसवा."

"आणि कधी दाबतोस ते मला सांगायचं नाही," दाजींनी बजावलं.

पुढच्या रविवारी मी बरोबर फाटकासमोर बटण दाबलं. गाडी चालतच राहिली. कार्बोरेटरमध्ये साठलेलं पेट्रोल संपेपर्यंत ती कशाला थांबेल? ती थांबली पलीकडच्या वळणावर, दातांच्या डॉक्टरांच्या दारात. ते बाहेर येऊन म्हणाले, "कोणाचा दात?" एवढे आलोच आहोत म्हणून ताईने एक दाढ दाखवून घेतली. निळं फाटक त्या दिवशी बंदच होतं.

"पुढच्या वेळी जमलं नाही," रात्री दाजी ताईला म्हणाले, "तर यापुढे सपाट रस्त्याने जाऊ." ताईने ते मला सांगितलं.

त्यामुळे पुढच्या रविवारी मी चढ लागताच बटण दाबलं. अर्थातच घाई झाली. अर्ध्या चढावर गाडीने मान टाकली. वर फाटक दिसत होतं, बंद. दाजी स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत बसले. उतरून चालत जायची सोय नव्हती, ते आपण होऊन जाणं झालं असतं. मागे हॉर्न वाजायला लागले.

फाटक उघडलं. धाकटे उतार उतरून आले, रिकाम्या हातांनी. बॉनेट उघडलं तर पंपाच्या जागी पत्रा. मग मागे जाऊन त्यांनी टाकीपाशी कान लावला. टकटक नाही. मग माझ्या खिडकीतून डोकावले आणि बटणावरचं माझं बोट त्यांना दिसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बटणाकडे पाहिलं, मग दाजींकडे.

"पंप तापलाय," ते मोठ्याने म्हणाले.

जन्मात एक खोटं माप पास न केलेले दाजी खिडकीतून म्हणाले, "फारच तापलाय."

"मग ढकलावी लागेल."

ताईला स्टिअरिंगवर बसवलं. मी उतरायला लागलो तर धाकटे पुटपुटले, "तू बस. आणि त्या बटणाला हात लावू नकोस." मागच्या गाडीतले दोघे मदतीला आले, त्यांना दोन्ही भावांनी एका सुरात हाकललं. मागच्या काचेतून मला दोघे दिसत होते. दोन पिकलेली डोकी, खांद्याला खांदा, धडधाकट गाडी चढावर ढकलत होती. दम लागला की ताई ब्रेक ओढायची.

"गुडघा?" धाकटे धापा टाकत विचारायचे.

"दुखतोय रे," दाजी सांगायचे. मधे ना रेडिएटर होता, ना बॅटरी.

गाडी फाटकापाशी पोचली. जाऊ पाण्याचे तांबे घेऊन धावत आली. धाकट्यांनी बाहीने घाम पुसला आणि भावाच्या पायांकडे पाहिलं.

"दादा, तू चालत आलास."

दाजी दचकले. वळून त्यांनी सगळा चढ पाहिला. गाडी बंद होती, तिने काहीच केलं नव्हतं. ती वाट त्यांच्याच पायांनी तुडवली होती. मला धास्ती वाटली की हा माणूस आता नियम काढून पुन्हा खाली उतरतोय.

"हो," ते म्हणाले. "आलो."

धाकट्यांनी फाटक सताड उघडलं.

"मग आत ये ना," ते म्हणाले.