विहीर सोडून

उसनी दिलेली वस्तू परत यावी म्हणून मामा तिचा एक भाग घरी ठेवून घेत. कंदील दिला तर काच, बैलगाडी दिली तर जू. मुलगी पाहायला धरमपेठेत जायचं म्हणून मी त्यांची सायकल मागितली, तर त्यांनी सीट काढून घेतली. "सीट इथं हाये, म्हंजे सायकल येते वापस." मी धरमपेठेपर्यंत उभ्यानं पेडल मारत गेलो. बायकोला अजून वाटतं, मी तिला पाहून घामाघूम झालो होतो.

हिंगण्याच्या वाटेवर त्यांचं शेत होतं. तिथं दवाखाना बांधायचं ठरलं. डॉक्टर-औषधं सरकारची, इमारत एका शेटजींच्या ट्रस्टची आणि एक मोठा वॉर्ड गरिबांसाठी फुकट, असा करार. मामी दवाखान्यात नेताना वाटेवरच गेल्या होत्या, म्हणून मामांनी जमीन दिली. विहीर सोडून.

"काहून गा मामा, इतका संशय?" मी विचारलं.

"दोन मालक हायेत. एक म्हणन शेटले विचारा, दुसरा म्हणन सरकारले विचारा. मंग मी पाण्याले विचारीन."

उद्घाटनाच्या दिवशी पैसेवाल्यांच्या खोल्यांना पडदे लागले होते आणि फुकटच्या वॉर्डात सिमेंटची पोती होती. सरकारी साहेब म्हणाले, खाटा ट्रस्ट देणार. ट्रस्टचे मॅनेजर म्हणाले, सरकार. मामांनी विहिरीवरच्या पंपाच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्लीचा छल्ला करदोट्यात अडकवला. जेवणाआधी साहेबांनी हात धुवायला नळ सोडला, तर तो नुसता फुसफुसला.

"मामा, पाणी!"

"खाटा!"

संध्याकाळपर्यंत खाटा आल्या. त्या आपणच आणल्या, असं मात्र दोघंही सांगत होते.

तेव्हापासून रोज सकाळी मामा आधी वॉर्डात फेरी मारत, मगच पंप सुरू करून दवाखान्याची टाकी भरत. रात्री खाटा पैसेवाल्यांच्या खोल्यांत पळतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

शेवटी ते त्याच वॉर्डात दाखल झाले. सलाईनकडे बोट करून त्यांनी नर्सला विचारलं, "बाई, हे कोनाचं? सरकारचं का शेटचं?"

"तुमच्या विहिरीचं नाही, एवढं खरं," ती म्हणाली. मामा खुदकन हसले.

मग त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "आधी वार्ड पाय, मंग कुलूप खोल." छल्ला मात्र काढून घेऊन मुठीत धरला. "छल्ला इथं हाये, म्हंजे तू येशीन वापस."

दुसऱ्या सकाळी मी आलो. आधी वॉर्ड पाहिला. मामांची मूठ तशीच मिटलेली होती.

त्या दिवशी टाकी उशिरा भरली.