विसळलेली बाटली

जीवाणूंचं शास्त्र मी तीन वर्षं शिकलो आणि नंतर बीडला वार्ताहर झालो. त्या पदवीचा उपयोग आजवर एकदाच करायची वेळ आली. तेव्हाही मी जे सांगितलं त्यापेक्षा जे सांगायचं राहिलं त्याचा परिणाम मोठा झाला.

आमचं गाव त्याच जिल्ह्यात, कडा नावाच्या गावाच्या बाजूला आहे. चुलतभावाची बायको तिथली सरपंच. एप्रिलमध्ये गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. त्यात पोरं जास्त होती. गावच्या विहिरीवर संशय आला आणि टँकर सुरू झाला. मग तालुक्याहून निरोप आला की विहिरीच्या पाण्याचा नमुना पाठवा. पाणी पिण्यास अयोग्य ठरलं तर टँकर राहील. योग्य ठरलं तर तो ज्या गावाला विहीरच नाही तिकडं जाईल. नापास होण्यासाठी परीक्षेला बसलेलं गाव मी पहिल्यांदाच पाहत होतो.

वहिनींना खात्री हवी होती. नमुन्यात जंतू सापडतील ना, असं त्यांनी मला विचारलं. मी ओसरीवर बसून त्यांना पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम सांगितला. जीवाणू म्हणजे एकच पेशी. बाहेरून भिंत, आत पातळ पडदा, आणि आपल्या पेशीत असतं तसं वेगळं केंद्रक नाही. खायला, ओल आणि ऊब मिळाली की तो वाढतो, मधोमध आवळला जातो आणि एकाचे दोन होतात. सगळं सोयीचं असेल तर यासाठी वीस मिनिटं पुरतात. सकाळी आठला एक असेल तर दुपारी चारला दीड कोटीच्या वर. सुरुवातीला ते नव्या जागेशी जुळवून घेतात, मग भराभर वाढतात, मग खाणं संपतं आणि स्वतःच्याच घाणीत मरायला लागतात.

वहिनींनी हे शांतपणे ऐकलं. त्यांच्या कामाचा आकडा त्यांनी उचलला.

"म्हंजी एक जरी घावला तरी आपलं काम झालं," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो आणि बीडला परतलो. बाटलीबद्दल काही बोललो नाही. विषय निघाला नव्हता.

पुढचं मला नंतर कळलं. प्रयोगशाळेतून निर्जंतुक केलेली बाटली आली. तिच्यावर कागद गुंडाळलेला होता आणि चिठ्ठीवर गावाचं नाव होतं. गावाच्या नावाची बाटली तालुक्याला जाणार म्हटल्यावर लेकीच्या सासरी डबा पाठवताना होते तशी तयारी झाली. आदल्या दिवशी विहिरीतला पाला काढला. काठ झाडला. ग्रामपंचायतीत टीसीएलचं, म्हणजे ब्लिचिंग पावडरचं, पोतं पडून होतं. ते फोडून गावकऱ्यांनी विहिरीत हात सैल सोडून पावडर टाकली. आपल्याला नापास व्हायचंय, हे त्या लगबगीत कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. सकाळी वहिनींनी बाटली उघडली तर तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. कुणीतरी नीट धुतली नाही, असं समजून त्यांनी ती विहिरीच्या पाण्यानं दोनदा विसळली आणि मग भरली.

अहवाल आला: पिण्यास योग्य. दुसऱ्या दिवसापासून टँकर बंद झाला.

वहिनींचा फोन आला. त्या चिडलेल्या नव्हत्या, ते जास्त अवघड होतं.

"भावजी, तुमचे दीड कोटी कुटं गेले?"

मी तालुक्याच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या मॅडमनी नळ्या दाखवल्या. प्रत्येक नळीत साखर घातलेलं पोषक द्रावण आणि त्यात उलटी बुडवलेली एक छोटी नळी. पाण्यात विष्ठेतले जीवाणू असतील तर ते साखर खातात, वायू सोडतात आणि उलट्या नळीत बुडबुडा साचतो. त्यासाठी नळ्या उबेच्या पेटीत ठेवतात. आमच्या गावाच्या नळ्यांत बुडबुडा नव्हता. पेटीवर माझा संशय होता, तो मॅडमनी मोडून काढला. शेजारच्या गावाच्या नळ्या त्याच पेटीत होत्या आणि त्यात बुडबुडे होते.

बाटली कुणी भरली, कशी भरली, हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ती भुकटी पाण्यातल्या ब्लिचिंगचं काम थांबवण्यासाठी असते, हे मला माहीत असायला हवं होतं. भुकटी गेल्यामुळं ब्लिचिंगनं विहिरीत सुरू केलेलं जंतू मारायचं काम बाटलीत, मोटारसायकलवरून तालुक्यापर्यंत, चालू ठेवलं.

"विसळू नये, असं चिठ्ठीवर छापलंय," मॅडम म्हणाल्या. "तरी सगळे विसळतात. तुम्ही विसळली नसती?"

आमच्याकडं तांब्या विसळल्याशिवाय शत्रूलाही पाणी देत नाहीत.

मॅडमनी नवी बाटली दिली आणि एक गोष्ट स्पष्ट केली. भुकटी बाटलीतलं ब्लिचिंग थांबवते, विहिरीत आधीच मेलेल्यांना उठवत नाही. विहिरीची खरी अवस्था हवी असेल तर काही दिवस टीसीएल टाकू नका, आणि तेवढे दिवस ते पाणी कुणी पिऊ नका.

टँकर बंद होता. दुसरं पाणी नव्हतं.

मी बाटली घेऊन गावी गेलो. माझ्या डोक्यात बातमी तयार होती, तिला फक्त दुसरा अहवाल हवा होता. वहिनींनी माझं सगळं ऐकून घेतलं. बाटली हातात घेतली, पण तिच्यावरचा कागद उघडला नाही.

"टीसीएल थांबवायची, पोरं आजारी पाडायची, आन् मग टँकर मागायचा?" त्या म्हणाल्या. "तुमी प्याल का ते पाणी, चार दिस?"

मी बातमी सोडून दिली.

त्यानंतर रोज सकाळी वहिनी स्वतः विहिरीवर जायला लागल्या. बादलीत टीसीएल कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी विहिरीत सोडायचं. या वेळी प्रमाण मॅडमना विचारून घेतलं होतं. जुलाब थांबले. पाण्याला वास यायला लागला, म्हणून लोकांनी सरपंचाला नावं ठेवली. टँकर घालवला तो घालवला, वर पाणी नासवलं, असं पारावर बोललं गेलं. कागदोपत्री योग्य असलेलं पाणी आता खरोखर योग्य झालं होतं, आणि त्याबद्दल गावात कुणीही समाधानी नव्हतं.

मेच्या शेवटी विहीर आटली. कोरड्या विहिरीचा नमुना घेता येत नाही, त्यामुळे टँकर विनाचौकशी मंजूर झाला. तो आला त्या दिवशी मी गावात होतो. लोकांनी टाकीभोवती हंड्यांची रांग लावली. हे पाणी कुठल्या विहिरीतून भरलं, असं वहिनींनी ड्रायव्हरला विचारलं. मिळतं तिथून भरतो, तो म्हणाला.

वहिनींनी रांग थांबवली आणि टीसीएलची बादली मागवली.