नावासाठी सोडलेली जागा

माझ्या सासूबाईंच्या गळ्यात गाठ आहे हे घरात सगळ्यात शेवटी मला कळलं. तेही एकदा अंघोळीला जाताना त्यांनी गळसरी काढून ठेवली म्हणून. हनुवटीच्या खाली, गळ्याच्या अगदी मधोमध, आवळ्याएवढी गाठ. मी ओरडलेच, "आई, हे काय?"

"काय नाय गो. जुनी हाय," त्या म्हणाल्या आणि बाथरूमचं दार लावून घेतलं.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, माझ्या लहानपणी शेंगदाण्याएवढी होती. म्हणजे घरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर शेंगदाण्याचा आवळा झाला आणि कोणाला काही वाटलं नाही. मला फार राग आला. आमच्या घरात गच्चीच्या पत्र्याला भोक पडलं तर दुसऱ्या दिवशी माणूस हजर होतो, पण बाईच्या गळ्याचं कोणाला पडलेलं नसतं.

पण ती गाठ तशीच राहण्याला आणखी एक कारण होतं. सासूबाई धवलारीण. मोहन्याजवळचं आमचं गाव आणि आजूबाजूची गावं इथे लग्न ठरलं की पहिलं बोलावणं त्यांना यायचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतो तशी धवलारीणही असते. हळद कांडायची, चौक भरायचा, देवाला आवतण द्यायचं, नवऱ्याला न्हाऊ घालायचं, प्रत्येक कामाचा धवला वेगळा. तो गायल्याशिवाय ते काम पुढे सरकत नाही. धवल्यात नवरदेवाचं नाव येतं, आईबापाचं येतं, गावदेवाचं येतं. त्यामुळे गाणं जुनंच असलं तरी ज्याच्या त्याच्या मांडवात ते त्याचं होतं. मी डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर वाढलेली, मला यातलं काही कळत नव्हतं. माझ्या लग्नात मुलाची आई म्हणून मिरवायचं सोडून सासूबाई मांडवात गात बसल्या होत्या, आणि माझ्या पायांना मुंग्या येऊन हे एकदाचं कधी संपतंय एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गाताना ती गाठ वरखाली व्हायची. गावातल्या बायका हसून म्हणायच्या, हिची गानी या थैलीन भरलेली हायत. सासूबाईही हसायच्या. पण मनातून त्यांना ते थोडंसं खरं वाटत असावं, कारण गाठीला हात लावायचा विषय निघाला की त्या उठून जायच्या.

त्या वर्षी सासूबाईंच्या धाकट्या दिराच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं, तुळशीची लग्नं लागल्यावर. हा पोरगा सासूबाईंच्या अंगाखांद्यावर वाढलेला. त्याची आई बाळंतपणात फार आजारी पडली होती, त्यामुळे त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं काम मोठ्या आईने, म्हणजे सासूबाईंनीच केलं. सुपारी फुटल्या दिवसापासून त्या एकच बोलत होत्या, याचे धवले झाले की मी मोकली.

गणपती उठले आणि गाठ सुजली. लाल झाली, ताप आला, पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. दोन दिवस बरं वाटलं. मग त्या भोकातून चिकट पाणी यायला लागलं ते थांबेचना. सासूबाई गळसरीखाली रुमालाची घडी ठेवून फिरायच्या. घरात तो एक शब्द मात्र कोणी उच्चारत नव्हतं. त्या लहानपणापासून मिश्री लावणाऱ्या, आणि सासरे तोंडाच्या त्याच आजाराने गेलेले. रात्रीच्या जेवणाला सगळे खाली मान घालून जेवायचे, आणि मला त्या गप्प बसण्याची भीती वाटायची.

माझं ऑफिस ठाण्याला, खोपट डेपोपासून जवळ. तिथल्याच एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे मी त्यांना घेऊन गेले. स्टेशनचे जिने त्यांना चढवत नाहीत, म्हणून कल्याणहून एसटीने गेलो. सगळ्या रस्त्यात त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि एकदाच म्हणाल्या, "इकरं पयलं मिठागरं व्हती." मी नुसतं हं केलं.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. त्यांनी गाठीवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "आजी, जीभ बाहेर काढा. पूर्ण." सासूबाईंनी लाजत जीभ काढली. गाठ वर सरकली. जीभ आत, गाठ खाली. "आता गिळा." पुन्हा वर, पुन्हा खाली. मग त्यांनी कागदावर गळा काढून आम्हाला समजावलं. आईच्या पोटात असताना थायरॉईडची ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून खाली गळ्यात उतरते. उतरायची वाट नंतर बुजून जाते. काहींची बुजत नाही, तिथे पाणी साठतं. बहुतेकांचं लहानपणी लक्षात येतं, पण काहींच्या बाबतीत साठीतही वर येतं. जिभेच्या मुळाशी जोडलेली म्हणून जीभ हलली की गाठ हलते.

गाण्यांची थैली ती एवढीच होती. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या कागदावरच्या चित्राकडे बघत होत्या.

नुसती चीर देऊन किंवा नुसती पिशवी काढून भागत नाही, ती परत येते, असं बाईंनी सांगितलं. जिभेखाली घोड्याच्या नालेच्या आकाराचं एक छोटं हाड असतं, वाट त्याला चिकटून जाते, म्हणून त्या हाडाचा मधला तुकडा आणि जिभेच्या मुळापर्यंतची वाट सगळीच काढायची. त्याआधी सोनोग्राफी, कारण कधीकधी माणसाची थायरॉईड खाली उतरलेलीच नसते, ही गाठच थायरॉईड असते, आणि ती काढली तर जन्मभर गोळ्या. शिवाय सुई घालून तपासणी, कारण क्वचित अशा गाठीत कॅन्सरही सापडतो. अखेर तो शब्द एका परक्या बाईने उच्चारला. मला जरा हलकंच वाटलं.

सासूबाईंनी एकच विचारलं. "आवाज?"

"आवाजाची पेटी याच्या खाली असते. तिला मी हात लावणार नाही. पण गळ्याचं ऑपरेशन आहे आजी, शंभर टक्के मी कोणालाच सांगत नाही."

यातलं शेवटचं वाक्य तेवढं त्यांनी घरी आणलं.

थायरॉईड जागेवर होती. सुईच्या तपासणीत वाईट काही दिसलं नाही, पण खरं काय ते गाठ काढून तपासल्यावरच कळणार होतं. जखमेची सूज उतरायला औषधं दिली आणि ऑपरेशन दिवाळीच्या आधीचं ठरलं. त्याच्या आदल्या रविवारी दुपारी सासूबाई माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "तुज्या मोबाईलमदी माजी गानी भर. गला गेला तं पोराचं लगीन मुकं नको व्हायला."

आम्ही दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. मोबाईल पिठाच्या डब्यावर ठेवला. त्या भिंतीला टेकून बसल्या, एका हाताने गळ्याशी रुमाल धरला आणि हळद कांडायच्या धवल्यापासून सुरुवात केली. मध्येच खालून कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी थांबवायला हात केला, पण त्या थांबल्या नाहीत.

एका ठिकाणी मात्र थांबल्या. नाव यायच्या जागी. एक श्वासभर गप्प, आणि मग पुढची ओळ.

"आई, नाव घ्या की. त्याचंच लग्न आहे ना?"

"नको," त्या म्हणाल्या. "मी नसली तं यावर दुसऱ्यांचीपन लग्ना व्हतील. जागा सोडलीय. ज्याचं नाव त्याच्या मानसांनी तिथं घ्यायचं."

सबंध दुपार त्या गात राहिल्या, प्रत्येक धवल्यात ती जागा सोडत. इतकी वर्षं मी ते गाणं कंटाळत ऐकलं होतं. त्या दुपारी पहिल्यांदा नीट ऐकलं. घाम पुसायच्या निमित्ताने मी पदर डोळ्यांना लावला. हे सगळं जर ऑपरेशनच्या टेबलावर संपलं तर, असं मला वाटत होतं, आणि त्या बाईवर आपलं एवढं प्रेम आहे हे माझं मलाच नवीन होतं. संध्याकाळी त्यांच्या सांगण्यावरून मी ते सगळं दिराच्या घरी पाठवून दिलं.

ऑपरेशन ठरल्यापेक्षा लांबलं. बाहेर नवरा भिंतीवरचं मतिमंद मुलांच्या शाळेचं कॅलेंडर पुन्हापुन्हा वाचत होता. नंतर त्यांना बाहेर आणलं तेव्हा गळ्याला पट्टी, पट्टीतून एक बारीक नळी आणि तोंडावर कोणाशीच काही नातं नसल्यासारखा भाव. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलायला हरकत नाही. पण सासूबाई बोलेनात. नळी निघाली, टाके निघाले, पेज जाऊन मऊ भात आला, तरी सगळं खुणांनी. मी समजावलं, रागावले, एकदा तर ताट आपटलं. त्या नुसत्या बघत राहायच्या. आवाज गेला की नाही हे कळायला तोंड उघडावं लागणार होतं, आणि तेवढाच धीर त्यांच्यात नव्हता.

मग एके सकाळी मी फोनवर बोलत होते आणि मागून आवाज आला, "दूध उतू चाललंय गो! डोले फुटले काय तुजे?"

तोच आवाज. तसाच खणखणीत, तसाच टोचरा. मी गॅस बंद करायचा सोडून त्यांना मिठी मारली, आणि दूध सगळं ओट्यावर गेलं.

गाठीचा रिपोर्टही स्वच्छ आला. सासूबाई गच्चीवर जाऊन दार लावून गायला लागल्या. आधी खालच्या पट्टीत, मग चढ्या. खाली येऊन मला म्हणाल्या, "थैली गेली. गानी हायत." त्या दिवशी त्यांनी दोनदा जेवण मागून घेतलं. इथेच हे सगळं संपायला हवं होतं.

धवलारणीला बोलावताना नारळ आणि विडा द्यायचा असतो. घरचंच लग्न असलं तरी द्यायचा, यावर सासूबाई ठाम होत्या. त्या वाट बघत राहिल्या. दिराचं घर आमच्या अंगणापलीकडे. तिथे मांडव पडला, लायटिंग झालं, छापील पत्रिका आली. विडा आला नाही. "इसरले असतील, गडबड हाय," त्या म्हणाल्या. हळदीच्या दिवशी त्यांनी हिरवं लुगडं नेसलं, गळसरी घातली आणि मला घेऊन मांडवात गेल्या.

त्यांच्या धाकट्या जाऊबाई, नवरदेवाची आई, धावत आल्या. सासूबाईंचे दोन्ही हात धरले आणि अगदी मायेने म्हणाल्या, "तू कशाला त्रास घेतंस? गल्याचं आपरेशन झायलंय. तू मस्त खुर्चीवर बस. तुजीच गानी हायत ना मोबाईलवर, ती लावू. डीजेवाल्यानं कापून थोरी बारीक पन केलीत."

"माजा गला बेस हाय," सासूबाई म्हणाल्या.

"हाय गो, पन कशाला?" असं म्हणत त्या पाहुण्यांकडे वळल्या. कोणी वाईट वागलं नाही. तिथे सगळेच प्रेमाने बोलत होते, आणि मला भांडायला माणूस सापडत नव्हता.

आम्ही खुर्च्यांवर बसलो. स्पीकरमधून माझ्या खोलीतली ती दुपार सुरू झाली. कुकरची शिट्टी झाली तेव्हा सगळा मांडव हसला. नवरदेव पाटावर बसला होता, बायका त्याला हळद लावत होत्या, फोटोग्राफर त्यांना हात तसाच धरा म्हणत होता. गाणं नावाच्या जागी आलं आणि थांबलं. कोणी नाव घेतलं नाही. आम्हा दोघींखेरीज ती जागा आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

तेवढ्यात माझ्या शेजारून नाव आलं. हळू, पण सुरात, बरोबर त्या श्वासभर जागेत बसणारं. मग स्पीकरमधल्या सासूबाई पुढची ओळ गायला लागल्या आणि शेजारच्या सासूबाई पुढच्या जागेची वाट बघत बसल्या. प्रत्येक धवल्याला त्या तसं करत राहिल्या. नाव घेताना हनुवटीखालची ऑपरेशनची रेघ जराशी वर जायची आणि खाली यायची. आवाज अगदी पहिल्यासारखा होता. माझ्याखेरीज तो कोणालाही ऐकू गेला नाही.